अर्ध मॅरेथॉनला दोनने गुणून पूर्ण मॅरेथॉन होत नाही: प्रशिक्षण कंपनीला तक्रार पत्र

ठाणे,
दि. १५ डिसेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचं नाव मूळ पत्रात आहे, इथे गाळलं आहे.)

विषय: ‘वैयक्तिक’ म्हणून विकलेल्या मॅरेथॉन प्रशिक्षण योजनांतील गंभीर चुका, त्यातून झालेली दुखापत आणि शुल्क परतीची मागणी

महोदय,

सप्टेंबरमध्ये मी तुमच्या ॲपवरून दोन योजना विकत घेतल्या. एक माझ्यासाठी, १८ जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमधल्या अर्ध मॅरेथॉनची. दुसरी माझ्या धाकट्या दिरांसाठी, त्याच दिवशीच्या पूर्ण मॅरेथॉनची. प्रत्येकी ५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, असे दोन्ही मिळून ११,८०० रुपये भरले.

पैशांचं नंतर बोलते. आधी जे तातडीचं आहे ते. तुमच्या पूर्ण मॅरेथॉनच्या वेळापत्रकात रविवारी ४ जानेवारीला ४० किलोमीटरचा लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) लिहिलेला आहे, म्हणजे शर्यतीच्या बरोबर दोन आठवडे आधी जवळजवळ अख्खी शर्यत. ही योजना आणखी ज्यांनी ज्यांनी घेतली असेल त्यांना आजच्या आज कळवा की हा रन धावू नका. हौशी धावपटूचा सर्वांत मोठा लाँग रन ३० ते ३२ किलोमीटरचा, फार तर ३५ चा असतो, आणि तोही शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकलेला असतो. नंतर अंतर कमी करत न्यायचं असतं, म्हणजे स्नायूंची झीज भरून निघते. याला टेपर म्हणतात हे मी तुम्हाला सांगायचं, यातच सगळं आलं.

हा ४० चा आकडा आला कुठून, ते आम्हाला कळलं, कारण आम्ही एका घरात राहतो. एका रविवारी नाश्त्याला दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून वेळापत्रकं पाहिली. माझ्या पहिल्या आठवड्यात ५, ५, ४ आणि रविवारी ८ किलोमीटर. दिरांच्या पहिल्या आठवड्यात १०, १०, ८ आणि रविवारी १६. माझा आठव्या आठवड्याचा लाँग रन १४, त्यांचा २८. माझा ४ जानेवारीला २०, त्यांचा ४०. सोळाच्या सोळा आठवडे हेच. विश्रांतीचे दिवस तेच, टेम्पो रनचे (नेटाने, जलद धावायचे) दिवस तेच, खाली लिहिलेल्या सूचनाही शब्दशः त्याच. कुणीतरी एक तक्ता बनवला, दोनने गुणला आणि दोन वेगवेगळ्या नावांनी विकला. चौघांचा साखरभात आठ जणांसाठी करताना आमच्या घरी लवंगासुद्धा दुप्पट घालत नाहीत.

अंतर दुप्पट झालं की काम दुप्पट होतं, असं धावण्यात नसतं. अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. एवढ्या अंतराला शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेपासून बनलेलं इंधन) बहुतेकांना कसंबसं पुरतं. पूर्ण मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो साठा संपत येतो आणि पाय एकाएकी जड होतात. ज्याला धावपटू ‘वॉल’ म्हणतात ती हीच. म्हणून पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत धावता धावता खायचा सराव असतो. एनर्जी जेल, खजूर, चिक्की, ज्याला जे पोटाला मानवेल ते, पण लाँग रनमध्ये आधी करून पाहिलेलं. तुमच्या दोन्ही योजनांत खाण्याबद्दल एकच ओळ आहे: ‘आदल्या रात्री पास्ता खा.’

दिरांनी नोंदणीच्या फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलं होतं की ते आठवड्याला साधारण २५ किलोमीटर धावतात आणि ही त्यांची पहिली पूर्ण मॅरेथॉन आहे. तुम्ही त्यांना पहिल्याच आठवड्यात ४४ किलोमीटर दिले. हृदय आणि फुप्फुसं वाढीव अंतराला लवकर सरावतात, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मागे राहतात. म्हणून नवख्या धावपटूचं अंतर हळूहळू वाढवतात. पाचव्या आठवड्यात त्यांची नडगी दुखू लागली. त्यांनी ॲपमधल्या ‘तुमच्या कोच’ला लिहिलं, ‘उजव्या नडगीवर एका ठरावीक जागी दाबलं की दुखतं, चालतानाही दुखतं.’ आलेलं उत्तर जसंच्या तसं देते: ‘दुखणं म्हणजे दुबळेपणा शरीरातून बाहेर पडतोय! थांबू नका!’ पुढे बाहूचं चित्र. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि २८ किलोमीटरच्या रविवारपर्यंत धावत राहिले. त्या दिवशी परत येताना रिक्षा करावी लागली. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर, निघालं. डॉक्टरांनी निदान दोन महिने धावणं बंद सांगितलंय, म्हणजे जानेवारीची शर्यत गेली. त्या शर्यतीची नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि शुल्कही परत मिळत नाही, ते वेगळंच.

एका ठरावीक जागी बोटाने दाबल्यावर दुखणं आणि चालतानाही दुखणं ही हाडाच्या दुखापतीची खूण असू शकते. आमच्या उपवन तलावाजवळच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या कुठल्याही जुन्या धावपटूने ‘आधी धावणं थांबव आणि डॉक्टरकडे जा’ एवढं फुकट सांगितलं असतं. तुमच्या जाहिरातीत मात्र ‘२४ तास प्रमाणित कोच’ असं मोठ्या अक्षरांत आहे. तो कोच कोण, त्याचं नाव काय, त्याचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘ग्रेट क्वेश्चन! लिसन टु युअर बॉडी’ असं उत्तर मिनिटाच्या आत आलं. इतक्या झटपट तर आमच्या बँकेत टोकनचा नंबरही पुढे सरकत नाही. पलीकडे माणूस नाही अशी माझी खात्री आहे. असेल तर त्याने मला फोन करावा.

आता माझ्या योजनेकडे वळते. मी लक्ष्य दिलं होतं २ तास १५ मिनिटं. त्यासाठी किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २४ सेकंद वेग लागतो. तुमच्या तक्त्यात ‘लक्ष्य वेग १०:१८ प्रति किलोमीटर’ असं छापलंय. या वेगाने मला साडेतीन तासांहून अधिक लागतील. जरा गणित केलं तेव्हा उलगडा झाला: १०:१८ हा एका मैलाचा वेग आहे. मूळ तक्ता मैलांत होता, तुम्ही शीर्षकात किलोमीटर लिहिलंत आणि आकडे तसेच ठेवलेत.

तक्ता मैलवाल्या देशातून आलाय याचा दुसरा पुरावा ‘हवामान आणि कपडे’ या पानावर आहे. तिथे लिहिलंय, ‘तापमान ४० च्या खाली असेल तर हातमोजे आणि कानटोपी घाला.’ हे फॅरनहाइटमधलं असणार हे मला समजतं. पण अंशापुढे एकक नाही, आणि आपल्याकडे तापमान सेल्सियसमध्येच सांगतात. त्या हिशोबाने मुंबईकराने एप्रिल-मे धरून बाराही महिने हातमोजे घालून धावायला हवं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी खरंच मला लोकरीची कानटोपी विणून द्यायची तयारी दाखवली. हसलो आम्ही, पण याच पानासाठी मी पैसे मोजलेत.

कारण त्याच पानावर जे असायला हवं होतं ते नाही. मुंबई-ठाण्यात ऑक्टोबरमध्ये सूर्य उगवायच्या आत धावलं तरी दमटपणामुळे घाम सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. अशा वेळी वेग कमी ठेवून ठोक्यांवर किंवा श्वासावर धावायचं असतं. थंडीत हवा जड होऊन खाली बसते, त्यात बांधकामांची धूळ आणि दिवाळीचा धूर. कुठल्या दिवशी बाहेर धावू नये याबद्दल अवाक्षर नाही. उलट, ‘तुमच्या सणांनुसार आखलेलं वेळापत्रक’ अशी जाहिरात करणाऱ्या ॲपने २० ऑक्टोबरला, नरकचतुर्दशीच्या पहाटे, मी अभ्यंगस्नान करून फराळाला बसले असताना, ‘आज आळस केलात!’ असा संदेश पाठवला.

आणि पेडर रोड. तुमच्या जाहिरातीतलं वाक्य होतं, ‘सी लिंकपासून पेडर रोडपर्यंत, मुंबईच्या मार्गासाठी खास.’ माहीमहून निघणाऱ्या अर्ध मॅरेथॉनवाल्यांना ५.६ किलोमीटरचा सी लिंक सुरुवातीलाच लागतो. पेडर रोडचा चढ हाजीअलीनंतर येतो, निम्म्याहून जास्त अंतर पायांत भरल्यावर. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना तर तो परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर ओलांडल्यावर, चढत्या उन्हात भेटतो. मुंबईत धावलेला कुणीही आधी त्याच चढाबद्दल बोलतो. सोळा आठवड्यांच्या तुमच्या दोन्ही योजनांत चढावरचा एकही रन नाही. ‘पेडर रोड’ हे शब्द फक्त जाहिरातीत आहेत. मी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ माझा मी वेळापत्रकात घातला, तोही उजाडल्यावर आणि चौघीजणी मिळून, कारण तिथे बिबट्यांचा वावर आहे. तुमच्या ॲपने त्या रनला ‘वेग घसरला’ म्हणून लाल रंग दिला.

शर्यतीच्या दिवसाचं पान मी दिरांबरोबर बसून वाचलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ‘पहाटे ४:३० ला उठा, हलका नाश्ता करा, निवांत तयार व्हा.’ माझी शर्यत माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. ठाण्याहून निघून मला साडेचारला माहीमच्या मैदानात असायला हवं. त्या दिवशी रेल्वे पहाटेच्या जादा लोकल सोडते, आदल्या दिवसांत शर्यतीच्या एक्स्पोला (प्रदर्शनाला) जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी तो मिळत नाही. नवख्या माणसाची खरी धांदल इथेच उडते, आणि यातलं काहीही तुमच्या पानावर नाही.

त्याच पानावर पाण्याबद्दलची सूचना धोकादायक आहे. ‘प्रत्येक पाण्याच्या टेबलावर जमेल तेवढं पाणी प्या.’ हळू धावणाऱ्याने चार-पाच तास असं केलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस वर्षं झाली त्याला. तहान लागेल तसं प्यावं आणि मीठ-साखरेचं काही सोबत ठेवावं, एवढं लिहायला किती जागा लागली असती?

तुमच्या ॲपच्या पहिल्या पडद्यावर केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे याचा फोटो आणि १:५९:४० हा त्याच्या पूर्ण मॅरेथॉन अंतराच्या वेळेचा आकडा आहे. त्या धावेला, २०१९ साली व्हिएन्नात, सपाट रस्ता निवडला होता, हवा बघून दिवस ठरवला होता आणि वेग धरून द्यायला ४१ धावपटू आळीपाळीने सोबत होते. अशा आळीपाळीच्या सोबतीमुळे आणि ती खुली शर्यत नसल्याने ती वेळ विक्रमांत धरलेली नाही. आम्हाला रस्ताही निवडता येत नाही आणि हवाही. आम्ही फक्त तयारी करू शकतो. लावायचाच तर माण तालुक्याच्या दुष्काळी मोहीतून ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या ललिता बाबरचा फोटो लावा. निदान तिला आपलं ऊन ठाऊक आहे.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही योजनांचे ११,८०० रुपये पूर्ण परत करा. ‘योजना सुरू झाल्यावर परतावा नाही’ ही अट मला सांगू नका, कारण जी योजना विकली ती तुम्ही दिलेलीच नाही. दिरांच्या एमआरआयचा आणि उपचारांचा खर्च द्या. दुखापत कळवल्यावर तुमच्याकडून आलेलं उत्तर पुरेसं बोलकं आहे. पूर्ण मॅरेथॉनची योजना घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ४ जानेवारीच्या रनबद्दल आणि पाण्याच्या सूचनेबद्दल लेखी कळवा, आणि तसं कळवल्याचं मलाही कळवा. जोवर चढाचा सराव योजनेत नाही, तोवर जाहिरातीतून ‘पेडर रोड’ काढा.

‘पुढच्या वर्षीसाठी ५० टक्के सवलतीचं कूपन’ मला आधीच आलेलं आहे. ते नको.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि महिन्याभरात तिचं निवारण करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तक्रारीच्या पहिल्या दोन संदेशांना पोच मिळालेली नाही, म्हणून हे पत्र ईमेलबरोबर रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवते आहे. १५ जानेवारीपर्यंत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पाठोपाठ जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार करीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती मी राहते तिथे, म्हणजे ठाण्यातच दाखल करता येते, आणि पाच लाखांच्या आत तिला शुल्क नाही. सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही मुद्दे त्यात असतील.

तूर्त तुमचं वेळापत्रक मी फोनवरून काढून टाकलं आहे आणि आमच्या ग्रुपबरोबर तयारी करते आहे. मला उत्तर लेखी द्या. ॲपच्या चॅटवर देऊ नका.

आपली ग्राहक,
(सही)
ठाणे

सोबत: शुल्काची पावती, दोन्ही योजनांचे स्क्रीनशॉट, कोचबरोबरचे संदेश तारखांसह, जाहिरातीची प्रत, एमआरआयचा अहवाल आणि उपचारांची बिलं.