हिवाळ्यातले ढग

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, की पृथ्वी तापली म्हणजे वाफ वाढणार, वाफ वाढली म्हणजे ढग वाढणार, आणि ढगांची सावली पडून पृथ्वी आपोआप गार होणार. मग एवढी काळजी कशाला? प्रश्न इतका चांगला होता की घाईघाईत उत्तर द्यायचं मन होईना. म्हणून हे पत्र.

आधी वाफेचं बघू. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ सामावून घेण्याची क्षमता साधारण 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे वाफ वाढते हे तुझं बरोबर, पण ती मावण्याची जागाही तेवढीच वाढते. ढग धरतो तो हवा वाफेने पुरती भरल्यावर. त्यामुळे नुसती वाफ वाढली म्हणून ढग वाढतीलच असं नाही. कुठे वाढतात, कुठे घटतात, कुठे नुसतेच सरकतात.

आता सावलीचं, कारण खरी मेख तिथे आहे. ढग एकाच वेळी दोन उलटी कामं करतो. वरून येणारं ऊन परतवतो आणि जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतो. सगळ्या पृथ्वीचा, सगळ्या वर्षाचा हिशेब केला तर पहिलं काम भारी पडतं आणि ढग एकंदरीत पृथ्वीला थंडच ठेवतात. पण हा झाला सरासरीचा हिशेब. ध्रुवाजवळ हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. परतवायला ऊनच नसेल तर सावली कसली? तिथे ढग म्हणजे निव्वळ पांघरूण.

हे मोजलेलं आहे. 1997-98 मध्ये आर्क्टिकच्या बर्फात एक जहाज मुद्दाम गोठवून वर्षभर वाहू दिलं होतं. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की बर्फाच्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला सुमारे 40 वॅट उष्णता निघून जायची, आणि दाट, खालचे ढग आले की हा तोटा जवळजवळ शून्यावर यायचा. मधली स्थिती क्वचितच. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थक्क झालो होतो.

त्यात आता समुद्रावरचा बर्फ उशिरा धरू लागला आहे. शरद ऋतूत पाणी उघडं राहतं, वरच्या गार हवेला ऊब आणि वाफ देत राहतं, आणि त्यावर खालचे ढग साचतात. पाण्याची उष्णता सुटायला हवी, तेव्हाच हे ढग ती अडवतात. बर्फ आणखी रेंगाळतो, धरला तरी पातळ राहतो. 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. त्याला कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष ढगांवर टाकता येणार नाही, पण हिवाळ्यात त्यांचा हातभार आहेच.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटते. ढगातले थेंब शून्याखाली गेले की लगेच गोठत नाहीत. उणे 38 अंशांपर्यंत ते पाणीच राहू शकतात. पाणी तेवढंच असलं, तरी बर्फकणांच्या ढगापेक्षा बारीक थेंबांचा ढग जास्त घट्ट असतो आणि उष्णता जास्त अडवतो. हवा तापत गेली की बर्फाचे ढग थेंबांचे होत जातात. उन्हाळ्यात असा ढग ऊनही जास्त परतवतो, म्हणजे थोडी भरपाई होते. हिवाळ्यातल्या अंधारात ती भरपाईच नाही. ढग तेवढेच राहिले, नुसते घट्ट झाले, तरी थंडी कमी होते.

ध्रुवांपासून खाली आलं की चित्र बदलतं. तापमानवाढीबरोबर मध्य अक्षांशांतल्या वादळांचे मार्ग ध्रुवांकडे सरकतील असा अंदाज आहे, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे ढगही. म्हणून भूमध्य समुद्राभोवती हिवाळ्यातला पाऊस आणखी घटेल असं हवामानाची बहुतेक सगळी संगणकीय प्रारूपं सांगतात. एकीकडे आभाळ भरणार, दुसरीकडे मोकळं होणार.

"शास्त्रज्ञांनाच ढगांचं नक्की कळत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याला एवढं सांग, की हिवाळ्यातले ध्रुवीय ढग दिसणंच अवघड होतं. पांढऱ्या बर्फावर पांढरा ढग, आणि तोही रात्रीच्या काळोखात. 2006 मध्ये लेसर आणि रडार घेऊन दोन उपग्रह वर गेले तेव्हा कुठे अंधारातही ढगाचे थर वरपासून खालपर्यंत दिसू लागले. मे 2024 मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर ही दोन्ही यंत्रं एकत्र आहेत. ढगांबद्दलच्या वेगवेगळ्या अंदाजांमधला फरक अजून मोठा आहे, हे खरं. पण आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या 2021 च्या अहवालाचा कल स्पष्ट आहे: ढगांमधले बदल एकंदरीत तापमानवाढीत भरच घालतील. सावलीच्या भरवशावर बसता येणार नाही, बाळा.

या हिवाळ्यात एक करशील? रोज पहाटेचं किमान तापमान लिही, आणि आदल्या रात्री आभाळ निरभ्र होतं की ढगाळ तेही. ढग खालचे होते की वरचे विरळ, हे जमेल तसं टिपून ठेव. वाऱ्याचीही नोंद कर, नाहीतर त्याचा परिणाम ढगांच्या नावावर लिहिला जाईल. महिन्याभराची वही झाली की पाठव, आपण मिळून बघू.

तुझा,
बाबा