सुनंदे, ती सीडी शोध

अंबाजोगाई, रविवार रात्र

प्रिय सुनंदे,

दिवाळीपासून माझा फोन नाई की मेसेज नाई, तू दोनदा केलास तेव्हा उचलला पण नाई, त्याबद्दल मागाहून पोटभर भांड. तब्येत बरी आहे, आईची शुगर आहे तशीच. पण मंगळवारपासून एक गोष्ट पोटात घेऊन फिरायले आणि ती घरात कुणाला सांगून कळणार नाई, कारण तो काजू फक्त तू आणि मीच पाहिलाय.

आपल्या बुरशीच्या प्रयोगातली नऊ नंबरची काचेची प्लेट आठवते ना? अगारखाली, म्हणजे बुरशी वाढवायच्या त्या जेलीखाली, काजूसारखा बुडबुडा राहिला होता आणि कडेला बारीक तडा. तू म्हणलीस फेक, मी म्हणले काऊन फेकू, बुरशीला काय काजू खायचाय का. आणि शेवटी तिचाच फोटो सगळ्यात झकास आला, एकीकडून मर रोगाची बुरशी फ्युजेरियम, दुसरीकडून तिला मारणारी बुरशी ट्रायकोडर्मा चढत आलेला, मधे स्वच्छ रेघ.

तर माझ्या वर्गातली एक मुलगी तुरीच्या मर रोगावर प्रोजेक्ट करायली. तिच्या वडलांची दोन एकर तूर मागच्या साली ऐन फुलोऱ्यात उधळली, म्हणून विषय तिनंच निवडला. ती एका रिसर्च पेपरची झेरॉक्स घेऊन आली, मॅडम हा ट्रायकोडर्माचा स्ट्रेन, म्हणजे वाण, लई भारी आहे म्हणे, हाच आणू का? चौथं पान उलटलं आणि समोर आपला काजू! 2009 चा आपला फोटो, 2022 च्या पेपरात, भलत्याच स्ट्रेनच्या नावानं. तडा होता ती कड कापून टाकलेली. सहाव्या पानावर दुसऱ्या स्ट्रेनचा म्हणून आणखी एक फोटो, त्यात पण काजू, फक्त खालचा वर गेलेला आणि उजेड वाढवलेला. मी दोन्ही पानं खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली, वरचं फिरवलं, आणि रेघेवर रेघ बसली गं. हात कापायले होते माझे. लेखकांची नावं मग पाहिली. शेवटचं नाव आपल्या प्रबंधाच्या गाईड सरांचं.

मग रात्री त्या पेपरातला आकड्यांचा तक्ता घेऊन बसले. प्रत्येकी तीन प्लेटी, वाढ पट्टीनं पूर्ण मिलिमीटरमधे मोजली असं त्यांनीच लिहिलंय. आता तीन पूर्ण आकड्यांची सरासरी एकतर पूर्ण येईल, नाईतर .33, नाईतर .67, चौथं काही येऊच शकत नाई. यांच्याकडं 41.52, खाली 27.18. ब्राउन आणि हीदर्स या दोघांनी 2016 मधे हीच साधी तपासणी मांडली, ग्रिम टेस्ट म्हणतात तिला, कागद-पेन्सिल पुरते. आणि इलिझाबेथ बिक नावाची एक बाई, आपल्यासारखीच मायक्रोबायॉलॉजीवाली, तिनं 20,621 पेपरातले फोटो नुसत्या डोळ्यांनी पाहिले, 3.8 टक्के पेपरांत असेच दुबार वापरलेले फोटो निघाले, आणि त्यातल्या निदान निम्म्यांत मुद्दाम केल्याच्या खुणा. आता कॉम्प्युटरवरही पकडतात, चोरलेलं वाक्य ओळखू येऊ नये म्हणून शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात ना, त्यात ब्रेस्ट कॅन्सरचं 'बोझम पेरिल' होऊन बसतं, असे शब्द 2021 पासून यादी करून शोधायलेत. 2023 या एका वर्षात जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशन कंपनीचे. पण सुनंदे, हा काजू आपला 2009 चा आहे हे कोणत्या मशीनला कळणार? तो कुठं छापलेलाच नव्हता, लॅबच्या कपाटातल्या प्रबंधात होता.

झोप उडाली ती फोटोमुळं नाई, सरांमुळं. लोडशेडिंगमधे इन्क्युबेटर बंद पडला, बारा नंबरची प्लेट खराब झाली, तेव्हा मी म्हणले होते अकरा-तेराच्या मधला आकडा टाकून देऊ. तू सगळा सेट फेकलास, नव्या अगारसाठी परत बटाटे उकडायला लावलेस, आठ दिवस आपण बोललो नाई, तुझा डबा पण खाल्ला नाई मी (तुझ्या आईची शेंगाचटणी होती, अजून सलतं). आणि सर काय म्हणाले होते? आकडा नसेल तर रेघ मारा, रेघेची लाज नाई वाटत. ते वाक्य मी दर वर्षी नव्या पोरांना सांगते. त्यांनी हा पेपर वाचला तरी असेल का? का पेपर लिहिणाऱ्या त्यांच्या पोरानं, म्हणजे विद्यार्थ्यानं, पुढं केला आणि सरांनी नुसतं नाव दिलं?

ते पोरगंही डोळ्यापुढून हटत नाई. तासिकेवर राबतंय, लग्न झालेलं. यूजीसीनं 2022 ला पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली, पण नोकरीला पॉइंट पेपरचेच. त्याचा संसार माझ्या एका ईमेलवर आलाय असं वाटतं, आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी, जिचा बाप हा पेपर खरा धरून यंदा तूर पेरील. तिला मी एवढंच सांगितलं, हा पेपर वापरू नको.

संपादकाकडं तक्रार गेली तर ते आधी लेखकांनाच विचारतात, मूळ फोटो मागतात. म्हणून ठरवलंय, आधी सरांकडं जायचं, समोर बसून विचारायचं, आणि ते स्वतःहून पेपर मागे घेत असतील तर बरं. नाई घेतला तर मी लिहिणार, माझ्या नावानं.

तुझी बदली झाली का गं? पिंट्याची दहावी ना यंदा? भाऊजींना नमस्कार सांग.

आता काम. मूळ फोटोंची सीडी तुझ्याकडं आहे, निरोपसमारंभाच्या दिवशी तूच ओढून घेतली होतीस. परभणीच्या घरी लोखंडी पेटीत असेल, साड्यांच्या खाली. फाइल उघडून बघू नको, सेव्ह तर अजिबात करू नको, कॅमेऱ्यानं टाकलेली तारीख आहे तशीच राहू दे. पुढच्या शनिवारी मी येते घ्यायला, तेव्हाच दोघी मिळून उघडू. आणि सरांकडं जाताना तू पण चल, मला एकटीला त्यांच्यासमोर बोलता येणार नाई.

तुझी
मंगल