शेअर्सच्या सततच्या खरेदी-विक्रीबद्दल थोडं

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा चिडतात आणि आई, तू लगेच जेवलीस का विचारतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी बसून वाचा.

बाबा, शेअर्स घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. तुम्ही निवडलेल्या कंपन्या चांगल्याच आहेत, पण सोमवारी घेतलं आणि शुक्रवारी विकलं असं जे चाललंय ना, त्याची मला भीती वाटते. तुम्ही म्हणता आपल्या ॲपवर डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवले तर, ब्रोकरेज (दलाली) शून्य आहे मग जातं काय? कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या व्यवहाराच्या बिलात, खाली एसटीटीची (शेअर्सच्या व्यवहारावरचा सरकारी कर) ओळ असते ती बघा, घेताना ०.१ टक्का आणि विकताना परत ०.१ टक्का. म्हणजे पाच लाख एकदा फिरवले की हजार रुपये गेले, दर आठवड्याला फिरवले तर वर्षाला ५० हजारांच्या आसपास, म्हणजे मुदलाच्या दहा टक्के नुसते एसटीटीतच, मग शेअर वर जावो नाहीतर खाली. स्टॅम्प ड्युटी, एक्सचेंजचे चार्जेस, विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचे पैसे) ते वेगळंच, आणि फायदा झालाच तर वर्षाच्या आत विकला म्हणून २० टक्क्यांनी टॅक्स.

हे मी मनाचं सांगत नाहीये. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये इंट्राडे करणाऱ्यांचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांचा, अभ्यास काढला, २०२२-२३ मध्ये दहातले सात जण तोट्यात होते, आणि वर्षात ५०० पेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांत तर ८० टक्के. म्हणजे जितकी जास्त उलाढाल तितकं जास्त नुकसान. आणि तुमच्या सकाळच्या ग्रुपमधले जे ऑप्शन्स (पुढच्या भावावर लावायचे सौदे) शिकवतायत, त्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी पैसे घालवलेत, सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर! प्लीज त्यात पडू नका.

आत्याकडच्या वर्कशॉपचं आठवतंय ना? ऑर्डरी भरपूर, तीन शिफ्ट चालू, पण गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी आणि स्टीलवाल्याला रोख हवी, शेवटी पगारालाच पैसे नाहीत. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की धंदा चांगला होता, भांडवलाला झेपेल त्यापेक्षा जास्त काम अंगावर घेतलं. बाबा, हे इतकं स्वच्छ तुम्हाला दुसऱ्याच्या बाबतीत दिसतं, मग शेअर्समध्ये सारखी फिरवताय त्या स्वतःच्या ग्रॅच्युइटीला का नाही लावत? तिथेही उलाढालच भांडवल खातेय.

मला विचाराल तर ग्रॅच्युइटीचा मोठा भाग पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, सध्या ८.२ टक्के आहे, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. शेअर्ससाठी एक रक्कम वेगळी काढा आणि त्यात घेतलेलं निदान वर्षभर हलवू नका. बाजार बघायचा तर बघा, तुम्हाला आवडतं ते, पण बघितलं की लगेच काही केलंच पाहिजे असं नाही ना.

आई, हे पैसे तुझ्याही म्हातारपणाचे आहेत, तेव्हा गप्प बसू नकोस, विचार त्यांना. सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा मला मेलवर फॉरवर्ड करायला सांग, मी एक्सेलमध्ये सगळे चार्जेस मांडून देते. आणि ऑप्शन्सचा सेगमेंट ॲपमधून बंद करता येतो, तेवढं आजच करा.

तुमची,
ताई