चेक इंजिनचा दिवा विझवणाऱ्यांचे आभार

अक्कलकोट रोडवरच्या त्या दोघा मेकॅनिकांचे आणि स्वतःचा स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घेऊन आलेल्या अनोळखी दादांचे जाहीर आभार.

आमच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा मनात येईल तेव्हा लागायचा आणि गॅरेजच्या दारात गेलं की विझायचा. एका ठिकाणी तर कोड न वाचताच सेन्सर बदलायला निघाले होते! दादांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावला. दिवा विझला तरी कोड आत साठलेला होता : पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं.

धाकट्या मेकॅनिकने पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसला आणि म्हणाला, "आता एसी लावून होटगी रोडला फिरवून आणा, मालक." भर उन्हात इंजिन तापलं, दिवा लागला, कोड आला पी०३०२, म्हणजे आता मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये. दोष कॉइलबरोबर सरकला होता! एक नवी कॉइल, बस्स. प्लग चांगले होते, ते त्याने पुसून परत बसवले. दुसऱ्या कुणी बिलात घातले असते.

थोरल्यांनी बजावलं, "दिवा लुकलुकायला लागला तर गाडी दामटायची नाही. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची, वाट लावतं."

दादांनी तर चहासुद्धा घेतला नाही.