गोदीवाल्यांचेही क्लब होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या जुन्या क्लबांवरचा लेख वाचला. 1833 चा भायखळा क्लब, 1846 चा यॉट क्लब, 1875 चा जिमखाना, सगळे आले. पण गोदीच्या भिंतीबाहेरही माणसं राहत होती आणि त्यांचेही क्लब होते, याचा त्यात पत्ता नाही. मी गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालो, वडील तिथेच हमाल होते, म्हणून हे पत्र.

आमचा क्लब म्हणजे घोडपदेवच्या चाळीतली दहा बाय बाराची गावाची खोली. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावचे वीस-पंचवीस गडी तिथे राहत. राहत म्हणजे वळकटी आणि ट्रंक ठेवत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. जेवण खाणावळीत. महिन्याची वर्गणी, तिचा खजिनदार, आणि नियम असे की जिमखान्याने शिकावेत: पिऊन आला तर दंड, पुन्हा आला तर वळकटी जिन्यात. गावच्या शिमग्याला किती पैसे पाठवायचे, कोणाच्या आजारपणाला किती द्यायचे, सगळं इथेच ठरे.

नोकरीही इथूनच मिळे. 1948 चा गोदी कामगारांचा कायदा आणि त्यामागून डॉक लेबर बोर्ड येईपर्यंत माणूस कामावर घेणारा टोळीवालाच, म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. गावाहून आलेल्या पोराला त्याच्यापुढे उभं करायचं काम खोलीतल्या जाणत्याचं. वशिलाच तो, दुसरं काय! आणि खोली गावाची म्हटली तरी सगळं गाव तिच्यात नव्हतं. बौद्धवाडीतल्या लोकांची खोली निराळ्या चाळीत होती. गावची वेस बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला उतरलीच होती.

गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या खोलीला सरळ ‘क्लब’च म्हटलं. त्यांची कूड. धोबीतलावच्या जेर महालात अशा कितीतरी. बोटीवरून उतरलेला खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत अगदी थोड्या भाड्यात तिथे राही. भिंतीला ट्रंकांची रांग, गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. वडिलांचा एक गोव्यातल्या सासष्टीचा दोस्त होता. त्याच्याबरोबर मी लहानपणी तिथे गेलो होतो. आमच्याकडे आरती, त्यांच्याकडे तेर्स, बाकी भांडणाचे विषय तेच: कोणी कोणाची जागा अडवली आणि कोणाची वर्गणी थकली.

शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे कोकणातल्या सवाल-जवाबी गाण्यांचे, सामने परळच्या दामोदर हॉलमध्ये होत, त्यांच्या तालमी या खोल्यांतल्या. कबड्डीचं तर विचारूच नका. चांगला खेळाडू गिरणीच्या किंवा पोर्ट ट्रस्टच्या संघात लागला की पोटापाण्याची चिंता मिटली.

आता मुद्द्याचं. 1989 ला खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, तिकडे गिरण्या 1982 च्या संपानंतर सावरल्याच नाहीत, आणि खोल्या रिकाम्या होत गेल्या. भाडेपावती एका माणसाच्या नावावर, खोली मात्र सबंध गावाची. पुनर्विकास आला की फ्लॅट पावतीवाल्याच्या वारसांचा. त्याचं कोर्टात काय व्हायचं ते होईल. मला काळजी वह्यांची आहे. खोली चालवणाऱ्या आमच्या गावमंडळाच्या वहीत 14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटानंतरचं एक पान आहे. कोण सापडला, कोण नाही, कोणाच्या घरी किती मनिऑर्डर केली, सगळं पेन्सिलीत. अशा वह्या चाळी पाडताना रद्दीत जाताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाने त्या मागून घ्याव्यात, निदान फोटो तरी काढून ठेवावेत. आपण आवाहन छापलंत तर मंडळं देतील. आमच्या पाच वह्या तयार आहेत. चाळ रिकामी करायची नोटीस लागली आहे, तेव्हा जरा लवकर.

आपला,
एक निवृत्त क्रेनचालक, घोडपदेव