बाबा, त्या गोळीबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल रात्री आईचा फोन ठेवल्यावर झोपच लागली नाही म्हणून हे लिहितेय. फोनवर बोलायला गेलं की बाबा तुम्ही "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणून विषयच बंद करता. आधी एक, आईवर चिडू नका, तिने चुगली केलेली नाही. शर्ट भिजवताना तुमच्या खिशात कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप सापडली, सात गोळ्या संपलेल्या, आणि मागचं नाव तिने मला एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. ती रक्त पातळ करायची गोळी आहे बाबा. लंडनच्या कोर्टात ॲस्ट्राझेनेका कंपनीने कबूल केलं, त्यांच्या कोरोनाच्या लसीने, म्हणजे आपल्याकडच्या कोविशिल्डने, रक्तात गाठी होतात, आता घ्यायलाच हवी, असं कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही सुरू केलीत. डॉक्टरांनी दिली असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण तुम्हाला अल्सर झाला होता, संडासला काळं झालं होतं, रक्त चढवावं लागलं होतं, विसरलात का? ही गोळी पोटातून रक्तस्राव करू शकते, आणि अल्सर होऊन गेलेल्याला तर जास्तच. उद्यापासून घेऊ नका, आपण आधी डॉक्टरांना विचारू.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा लसीच्या नोंदणीच्या कोविन साइटवर तुमचं दोघांचं नाव मीच टाकलं, आणि तुम्ही विचारलंत "काही होणार तर नाही ना", तर मी म्हणाले "काही होत नाही हो, सगळ्या अफवा". ते उत्तर बरोबर नव्हतं. त्याच महिन्यात तिकडे युरोपात तरुण माणसांच्या मेंदूत गाठी सापडायला लागल्या होत्या, आणि ७ एप्रिल २०२१ ला युरोपच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की हा या लसीचा अतिशय दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून माहितीपत्रकात लिहा. म्हणजे परवाची बातमी नवी नाही बाबा, तीन वर्षं जुनीच गोष्ट कंपनीने आता कोर्टात लिहून दिली एवढंच.

होतं काय, तर काही थोड्या लोकांच्या शरीरात लसीनंतर अशा अँटीबॉडी तयार होतात की प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटतात, एकीकडे गाठी होतात आणि दुसरीकडे प्लेटलेटचा आकडा घसरतो. पण हे साधारण चौथ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, जास्त करून पहिल्या डोसनंतर, आणि वयस्कांपेक्षा तरुणांत जास्त. म्हणून तर ब्रिटनने मे २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्या म्हणून सांगितलं. तुमचा पहिला डोस मार्चमधला, दुसरा, दोन डोसांमधल्या ८४ दिवसांच्या अंतराचा घोळ निस्तरून, जूनमधला. तुमची ती मुदत २०२१ मध्येच संपली. आज २०२४ च्या मे महिन्यात त्या गाठीसाठी गोळी घेण्यात काही अर्थ नाही, आणि शेजारच्या काकांनी केली तशी डी-डायमर, म्हणजे रक्तात गाठी आहेत का याचा अंदाज देणारी टेस्ट करण्यातही नाही, तो आकडा वयानेही वाढतो, साध्या इन्फेक्शननेही वाढतो, उगाच घाबरायला होतं.

आपल्या देशात सरकारी समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर केसेस तपासून त्यातल्या २६ गाठींच्या असू शकतात असं सांगितलं, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. मला हा आकडा कमीच वाटतो, खरं सांगते. बार्शीत कुणाला लसीनंतर आठवड्याने डोकं फुटेस्तोवर दुखलं असतं तर त्याची नोंद कुणी केली असती? आणि ज्यांच्या मुली लसीनंतर गेल्या ते आईवडील सुप्रीम कोर्टात गेले, तर २०२२ मध्ये सरकारचं उत्तर काय, की लस ऐच्छिक होती, भरपाईची जबाबदारी आमची नाही. ऐच्छिक! मुंबईत दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. याचा मला मनापासून राग येतो, त्या आईवडिलांना पैसे नाही तर निदान नीट उत्तर तरी मिळायला हवं होतं. लोकांना तेव्हाच सांगितलं असतं की दुर्मिळ आहे पण होतं, ही लक्षणं दिसली तर लगेच धावा, तर आज कट्ट्यावर कुणी गोळ्या वाटल्या नसत्या.

पण बाबा, काका आठवतो ना. १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना लस होती, तो बावन्नचा, "ताप येतो म्हणे, बघू पुढच्या महिन्यात" म्हणाला आणि एप्रिल संपायच्या आत गेला. मी पुण्यात पहाटे पाच वाजता कोविडच्या त्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनच्या लाईनीत उभी होते, आईने पाटल्या गहाण ठेवल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून सहा बाटल्या सोलापूरला नेल्या. त्यातल्या दोन वापरायची वेळच आली नाही, त्या वर्षभर माझ्या फ्रीजच्या दारात होत्या, टाकवत नव्हत्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवलं होतं की ॲडमिट पेशंटना हे देऊ नका. प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, आपण अख्ख्या गावाला मेसेज केले, त्याचंही तेच, आपल्याच आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर तपासलं होतं आणि फायदा दिसला नव्हता, तरी उपचारांच्या सरकारी यादीतून ते काढलं १७ मे २०२१ ला, काका जाऊन तीन आठवडे झाल्यावर. या गोष्टींबद्दल आपल्याकडे कुणी ओरडत नाही, कारण ती औषधं आपणच हात जोडून मागत होतो.

आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आई म्हणाली जिना चढताना तुम्हाला दम लागतो, मधल्या पायरीवर कठड्याला धरून थांबता, आणि विचारलं की म्हणता "लसीनं झालंय, आता काय करणार". बाबा या एका वाक्याचीच मला भीती वाटतेय. लसीवर ढकललं की डॉक्टरकडे जायचं कारणच उरत नाही ना. तुमचं वय सहासष्ट, शुगर पंधरा वर्षांची, बीपीची गोळी मधूनमधून चुकते, दम लागायला तेवढं पुरे आहे, आणि त्यावर उपचार आहेत. कट्ट्यावरचा तो मुलगा जिममध्ये अचानक वारला म्हणून सगळे हळहळतात, पण आयसीएमआरने १८ ते ४५ वयातले असे ७२९ अचानक मृत्यू तपासले, तर दोन डोस घेतलेल्यांत धोका कमीच निघाला, वाढलेला दिसला तो कोविडने ॲडमिट झालेल्यांत आणि ज्यांच्या घरात आधी कुणी असं अचानक गेलंय त्यांच्यात. आपल्याकडे आजोबा कसे गेले ते तुम्हीच सांगता.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, यांची सोमवारची वेळ घेतलीय, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच, नवीन कुणी नाही. लसीबद्दल जे विचारायचं ते त्यांनाच विचारा, मी मध्ये बोलणार नाही. पण मधल्या दिवसांत बसल्या जागी दम लागला किंवा छातीत दुखलं तर माझी वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा.

आई, उरलेल्या गोळ्या टाकू नकोस, डॉक्टरांना दाखवायच्यात, आणि अल्सरच्या वेळचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात पिवळ्या पिशवीत आहेत, तेही लागतील. स्टुलावर तू चढू नकोस, मी आल्यावर काढीन.

तुमची,
ताई