ताई, तुझ्या डाव्या हाताला मनापासून थँक्यू

ताई,

तुला तोंडावर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या हॉलवरच्या पोरींना आणि त्यांच्या आईबाबांनाही कळायला हवं की तलवारबाजीच्या कॅडेट (१७ वर्षांखालच्या) वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या टीममध्ये माझं नाव आल्यापासून तू काय काय केलंयस.

नाव आलं तेव्हा सगळे अभिनंदन करत होते, स्टेटस ठेवत होते, आणि तू एकटीनं विचारलंस, "लेफ्टीशी खेळायला कोण आहे तुला?" कोणीच नव्हतं. संभाजीनगरात सेबर (कट मारता येतो तो तलवारबाजीचा प्रकार) खेळणाऱ्या मुली कमी नाहीत, पण आपल्या बॅचमध्ये डावखुरी एकही नाही, आणि बाहेर गेल्यावर पूलमध्ये (सुरुवातीच्या गटात) एखादी तरी लेफ्टी येणारच हे धरूनच जावं लागतं. पूलची बाउट, म्हणजे एक लढत, पाच पॉइंटची. समोरची कशी खेळते हे कळेपर्यंत तीन पॉइंट गेले की संपलंच.

लोकांना वाटतं तलवारबाजी म्हणजे तलवार घेतली आणि फिरवली. फुटवर्क एकटीनं होतं, लंज (पुढचा पाय लांब टाकून मारायचा वार) भिंतीसमोर मारता येतात, पण डिस्टन्स, म्हणजे समोरच्यापासून किती अंतर ठेवायचं ते, एकटीनं शिकताच येत नाही ना, त्यासाठी समोर जिवंत माणूस लागतं, तेही आपल्यापेक्षा भारी आणि रोज मार खायला तयार असलेलं. आपल्या भारताच्या भवानी देवीनं टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिली बाउट १५-३ नं जिंकली हे सगळ्यांना माहितीये, पण त्याआधी तिला ट्रेनिंगसाठी इटलीत लिव्होर्नोला जाऊन राहावं लागलं होतं. मला इटली परवडणार नव्हती, मला डावखुरी तू मिळालीस.

तुझी स्वतःची कॉम्पिटिशन कधीच सुटली होती, दिवसभर ड्युटी, त्यात गुडघा तसला, तरी संध्याकाळी आम्ही वॉर्मअप संपवायच्या आत तू किट घालून पिस्टवर (खेळायच्या पट्टीवर) उभी असायचीस. सुरुवातीला मी सारखी चौथी पॅरी (आतल्या बाजूचा वार अडवणारी) घ्यायचे, कारण राइटीसमोर ती आपसूक बसते, आणि तू दर वेळी माझ्या मनगटाच्या बाहेरून कट मारायचीस. परत तेच, परत तेच. तू ओरडली नाहीस, फक्त "तिसरी" (बाहेरची बाजू झाकणारी पॅरी) म्हणायचीस आणि पुन्हा ऑन गार्ड, म्हणजे तयारीच्या पवित्र्यात. हातावर वळ उठायचे आणि आई तेल लावताना तुझ्यावर थोडी चिडायची पण (आता नाही चिडत), आणि मग एक दिवस हात स्वतःच तिसरीत गेला आणि माझा रिपोस्ट (वार अडवून लगेच मारलेला उलट वार) तुझ्या मास्कवर बसला तेव्हा तू माझ्यापेक्षा जोरात ओरडलीस. सरसुद्धा वळून बघायला लागले.

आणखी एक गोष्ट तुझ्यामुळे सुधारली, ती म्हणजे रेफरीच्या नजरेनं बघणं. सेबरमध्ये १७० मिलिसेकंदांच्या आत दोघींचे कट लागले की दोन्ही लाइट पेटतात, आणि मग अटॅक कोणाचा, म्हणजे पॉइंट कोणाला, हे रेफरी ठरवतो. तू मोबाईल स्टँडला लावून सगळं शूट करायचीस, पाणी पिताना व्हिडिओ थांबवून विचारायचीस, "हा कोणाचा, बोल." मी माझा म्हणायचे. तू परत स्लो करून माझा पुढचा पाय दाखवायचीस, पाय पडून गेलेला आणि हात अजून मागेच. असं शंभरदा बघितल्यावर आता लाइट पेटायच्या आधीच मला कळतं की पॉइंट गेला का आला.

आणि पंधराच्या बाउटमध्ये आठ पॉइंट झाले की जो मिनिटभराचा ब्रेक मिळतो, त्यात एकच गोष्ट ठरवायची, दोन नाही, हे तुझंच. स्टेट लेव्हलला ते किती कामाला आलं ते तू बघितलंयस.

मास्कचं तर सगळ्यांना सांगायलाच हवं. तिकडे १६०० न्यूटनचाच (म्हणजे जास्त जोर सोसणारा) मास्क चालतो, माझा साधा होता आणि नवीन घ्यायचा म्हणजे घरात परत बजेटची चर्चा. तू काही न बोलता तुझा आणून दिलास, आतलं पॅडिंग धुऊन, मास्क वायरची क्लिपसुद्धा नवी लावून. जॅकेटपण देणार होतीस, पण लेफ्टीच्या जॅकेटची चेन उलट्या बाजूला असते म्हणून ते मला चाललं नसतं, तर तू तुझ्या ओळखीच्या एका सिनियर मुलीकडून माझ्या मापाचं ८०० न्यूटनचं मागून आणलंस. तिलाही थँक्यू सांग माझ्याकडून.

सर आहेतच, त्यांचं ऋण वेगळं आहे, पण सरांकडे एका वेळी किती पोरं असतात ते तुला माहितीये. सर मला गेम शिकवतात, तो गेम खरा करून बघायला समोर तू होतीस.

मेडलचं प्रॉमिस मी करणार नाही, तूच सांगितलंयस आधी पूलमधून नीट बाहेर ये. पण लेफ्टी आली तर घाबरणार नाही, एवढं नक्की सांगते. पूलच्या सगळ्या बाउटचे व्हिडिओ त्याच रात्री पाठवीन, बघून सरळ चुका सांग, कौतुक नको. आणि मी नसताना त्या नवीन बॅचमधल्या बारक्या डावखुरीकडे जरा बघशील का? तिला आत्तापासून तुझ्यासारखं कोणीतरी हवंय.

तुझीच,
पिस्टवरची धाकटी